हवेतून अमिनो आम्लापर्यंत: आदिम पृथ्वीचं रसायन वर्गात पायरीपायरीने कसं उलगडावं

रोहिणी नक्षत्रात बालाघाटाच्या डोंगरांवर विजा कडाडतात तेव्हा त्या आजच्या हवेत एक नेमकं रसायन करत असतात. विजेच्या वाटेवरची हवा काही हजार अंशांच्या पलीकडे तापते, नायट्रोजनचे रेणू फुटतात आणि ऑक्सिजनशी जुळून नायट्रिक ऑक्साइड तयार होतं. पुढे त्याचं नायट्रेट होऊन ते पावसाबरोबर रानात उतरतं. हीच वीज चारशे कोटी वर्षांपूर्वीच्या ऑक्सिजन नसलेल्या हवेत पडली असती, तर पावसातून वेगळंच काही उतरलं असतं. काय उतरेल हे विजेपेक्षा हवेत कोणते वायू आहेत यावर ठरतं. हा विषय शिकवताना सगळ्यात आधी हेच पक्कं करावं लागतं.

बारावीच्या जीवशास्त्रात स्टॅन्ली मिलरचा प्रयोग, म्हणजे आदिम पृथ्वीची मानलेली हवा काचेच्या चंबूत भरून तिच्यात ठिणगी पाडण्याचा, एका आकृतीत आटोपतो. मुलं आकृती पाठ करतात, नावं देतात आणि डोक्यात एवढंच उरतं की "वायूत ठिणगी पाडली आणि अमिनो आम्लं तयार झाली." हे वाक्य चुकीचं आहे. हवेत अमिनो आम्ल, म्हणजे प्रथिनांच्या साखळीतली एक कडी, जवळपास तयार होत नाही. हवेत तयार होतात हायड्रोजन सायनाइड आणि फॉर्मल्डिहाइडसारखे छोटे, आक्रमक रेणू. अमिनो आम्ल नंतर पाण्यात जमतं. हवेचं काम आणि पाण्याचं काम असे दोन भाग वेगळे केले की सगळा विषय सुटा होतो. खालची मांडणी अकरावी-बारावीच्या शिक्षकांसाठी आणि बीएस्सीच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. समजावण्याला दोन तासिका आणि प्रात्यक्षिकाला एक सबंध दिवस लागेल.

पहिली पायरी: काळ आणि हवा ठरवून घ्या

फळ्यावर एक आडवी रेघ ओढा. डाव्या टोकाला ४५४ कोटी वर्षं, पृथ्वीचा जन्म. मग ४४० कोटी: ऑस्ट्रेलियातल्या जॅक हिल्समध्ये सापडलेले झिर्कॉनचे सगळ्यात जुने कण या वयाचे आहेत आणि त्यांच्यातल्या ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून तेव्हाही पृथ्वीवर पाणी असावं असं दिसतं. पुढे ३४८ कोटी: ऑस्ट्रेलियाच्याच पिल्बारा भागातले स्ट्रोमॅटोलाइट, म्हणजे सूक्ष्मजीवांच्या थरांचे दगड. शेवटी २४० कोटींच्या आसपास हवेत मोकळा ऑक्सिजन टिकायला लागला. आपलं रसायन दुसऱ्या आणि तिसऱ्या खुणेच्या मधलं.

ऑक्सिजन नसण्याचे दोन परिणाम मुलांकडूनच काढून घ्या. पहिला, तयार झालेले कार्बनी रेणू जळून जात नाहीत. दुसरा सहसा कुणाला आठवत नाही: ऑक्सिजन नाही म्हणजे ओझोनही नाही, त्यामुळे अतिनील किरण थेट खालपर्यंत येतात. ते रेणू घडवतात आणि मोडतातही.

अशा हवेची कल्पना अलेक्झांडर ओपारिन यांनी १९२४ मध्ये आणि जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९२९ मध्ये स्वतंत्रपणे मांडली. हाल्डेन १९५७ मध्ये भारतात येऊन इथलेच नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले, हे मुलांना जरूर सांगा. मुलं हे नाव परदेशी म्हणून पाठ करतात आणि विसरतात.

दुसरी पायरी: कोणता बंध तोडायला किती ऊर्जा

हा भाग आकड्यांनी शिकवावा. मिथेनमधला एक कार्बन-हायड्रोजन बंध तोडायला दर मोलमागे सुमारे ४४० किलोज्यूल लागतात. अमोनियातला नायट्रोजन-हायड्रोजन बंधही साधारण तेवढ्यातच तुटतो. नायट्रोजन वायूतला तिहेरी बंध मात्र ९४५ किलोज्यूल मागतो. त्यामुळे हवेत अमोनिया असेल तर नायट्रोजन स्वस्तात मिळतो, नुसता नायट्रोजन वायू असेल तर महाग पडतो.

सूर्याची अतिनील ऊर्जा विजेपेक्षा एकूण कितीतरी जास्त. मग मिलरने ठिणगी का निवडली? कारण मिथेन साधारण १४५ नॅनोमीटरपेक्षा कमी लांबीचेच किरण शोषतो आणि सूर्यप्रकाशात त्यांचा वाटा फार थोडा आहे. अमोनिया २३० नॅनोमीटरच्या आसपासपासून शोषायला लागतो. ठिणगीला अशी निवड नसते. तिच्या वाटेत येणारा प्रत्येक रेणू फुटतो आणि हवा लगेच थंड झाल्यामुळे नवीन जुळलेले रेणू परत फुटायच्या आत बाहेर पडतात. हे लगेच थंड होणं फार महत्त्वाचं आहे. हवा तापलेलीच राहिली तर सायनाइडही उरणार नाही.

तिसरी पायरी: हवेचं काम

फळ्यावर दोनच ओळी लिहा:

मिथेन + अमोनिया → हायड्रोजन सायनाइड + हायड्रोजनचे ३ रेणू

मिथेन + पाण्याची वाफ → फॉर्मल्डिहाइड + हायड्रोजनचे २ रेणू

दोन्ही ओळींत हायड्रोजन बाहेर पडतो आणि ऊर्जा आत ओतावी लागते. दुसऱ्या ओळीत मिथेनचे दोन तुकडे जुळून आले तर फॉर्मल्डिहाइडऐवजी ॲसिटाल्डिहाइडसारखा मोठा भाऊ मिळतो. हवेचं काम इथे संपलं. हे वायू थेंबांत विरघळतात आणि पावसाबरोबर खाली येतात.

चौथी पायरी: पाण्याचं काम

पाण्यात अल्डिहाइड (फॉर्मल्डिहाइड किंवा त्याचा मोठा भाऊ), अमोनिया आणि सायनाइड एकत्र आले की अमिनोनायट्राइल तयार होतं. त्याचं पाण्याने हळूहळू विघटन होऊन अमिनो आम्ल उरतं. ही अभिक्रिया अडोल्फ स्ट्रेकर यांनी १८५० मध्येच दाखवली होती. मिलरच्या प्रयोगाच्या शंभर वर्षं आधी. फॉर्मल्डिहाइडपासून ग्लायसीन मिळतं, ॲसिटाल्डिहाइडपासून ॲलानिन.

आता मुलांना प्रश्न टाका: अमोनियाने जागा घेतली नाही, नुसतं सायनाइड आणि अल्डिहाइड जुळलं तर? मग सायनोहायड्रिन बनतं आणि त्याच्या विघटनातून हायड्रॉक्सी आम्ल मिळतं. फॉर्मल्डिहाइडपासून ग्लायकॉलिक आम्ल, ॲसिटाल्डिहाइडपासून लॅक्टिक आम्ल, म्हणजे दह्यातलं. हे खरंच असं घडलं याचा पुरावा मिलरच्या मोजणीतच आहे. मायक्रोमोलमध्ये आकडे असे: ग्लायसीन ६३०, ग्लायकॉलिक आम्ल ५६०. ॲलानिन ३४०, लॅक्टिक आम्ल ३१०. एकाच अल्डिहाइडची दोन पोरं जवळपास बरोबरीने जन्माला आलेली दिसतात. पाठ्यपुस्तकात हे आकडे नसतात, आणि आमच्या मते सगळ्या प्रयोगात शिकवण्यासारखं सगळ्यात मोलाचं हेच आहे. मिलरने पुढे ठिणगी चालू असताना वेळोवेळी पाणी तपासलं, तेव्हा सायनाइड आणि अल्डिहाइड आधी वाढले, मग उतरले आणि त्याच वेळी अमिनो आम्लं चढत गेली. दूध आटतं आणि खवा चढतो तसं.

मिलरचं उपकरण, भागागणिक

शिकागो विद्यापीठात हॅरल्ड युरी यांच्याकडे संशोधन करताना मिलरने हा प्रयोग केला आणि मे १९५३ मध्ये तो प्रसिद्ध झाला. भाग मोजकेच आहेत, पण प्रत्येकाला कारण आहे.

खाली ५०० मिलिलिटरचा चंबू, त्यात सुमारे २०० मिलिलिटर पाणी. हा समुद्र. पाणी उकळत ठेवायचं, कारण उकळण्यामुळेच वायू उपकरणात फिरत राहतात, वेगळा पंप लागत नाही. वाफ नळीतून वर ५ लिटरच्या मोठ्या चंबूत जाते. त्यात टंगस्टनचे दोन विद्युतअग्र. टंगस्टन का, तर ते ठिणगीच्या उष्णतेत वितळत नाही आणि काचेत हवाबंद बसवता येतं. ठिणगी टेस्ला कॉइलची, ६०,००० व्होल्टच्या आसपास, उच्च वारंवारतेची. मोठ्या चंबूखाली संघनक, आणि त्याच्या खाली इंग्रजी 'यू'सारखी वाकवलेली नळी. या वाकड्या नळीत पाणी साचून राहतं, त्यामुळे वाफ उलट्या दिशेने ठिणगीकडे जाऊ शकत नाही. घरच्या संडासाच्या भांड्याखालचा वाकही याच तत्त्वावर वास अडवतो.

वायू भरण्याआधी उपकरणातली सगळी हवा पंपाने काढायची. मग हायड्रोजन १०० मिलिमीटर पारा, मिथेन २०० आणि अमोनिया २०० एवढ्या दाबाने भरायचा. मुलांकडून इथे गणित करून घ्या: उपकरणातली वायूची जागा सुमारे साडेपाच लिटर, दाब २०० मिलिमीटर, तापमान २५ अंश. उत्तर ५९ मिलिमोल मिथेन, म्हणजे साधारण ७१० मिलिग्रॅम कार्बन. आता ६३० मायक्रोमोल ग्लायसीनमधला कार्बन काढा. प्रत्येक रेणूत दोन अणू, म्हणजे १.२६ मिलिमोल, म्हणजे दिलेल्या कार्बनच्या २.१ टक्के. वजनात ग्लायसीन ४७ मिलिग्रॅम भरतं. चिमूटभरही नाही, पण आठवड्याच्या कामात आणि एका चंबूत.

पहिल्या दिवसानंतर पाणी गुलाबी झालं, आठवड्याअखेर गडद लाल आणि गढूळ. गढूळपणा काचेतून सुटलेल्या सिलिकाचा होता. अमोनियामुळे पाणी अल्कधर्मी होतं आणि गरम अल्कली काच खातो. त्या वेळी हा दोषच वाटला. २०२१ मध्ये टेफ्लॉनच्या भांड्यात, काचेच्या भांड्यात आणि टेफ्लॉनमध्ये काचेचे तुकडे टाकून असा तीन प्रकारे प्रयोग केला गेला, तेव्हा काच असताना रेणूंची संख्या आणि विविधता स्पष्ट जास्त आली. म्हणजे भांड्याची भिंतही अभिक्रियेत भाग घेत होती. खडक सिलिकेटचेच असतात, त्यामुळे ही चूक निसर्गाच्या जवळ नेणारी निघाली.

आणखी एक बारकावा. अमिनो आम्लं वाफेबरोबर उडत नाहीत. एकदा खालच्या चंबूत तयार झाली की ती तिथेच राहतात, ठिणगीत परत जाऊन फुटत नाहीत. हे नसतं तर उत्पन्न फारच कमी आलं असतं. हे दाखवायला महागडं काही लागत नाही. साध्या ऊर्ध्वपातनाच्या संचात २०० मिलिलिटर पाण्यात खाण्याचा लाल रंग अर्धा चमचा टाका आणि उकळा. संघनकातून पडणारे थेंब बिनरंगी, रंग सगळा खालीच. रंग म्हणजे अमिनो आम्ल, एवढं सांगितलं की मुलांना पटतं. पाणी उसळून रंगीत थेंब नळीत जाऊ नयेत म्हणून चंबूत फुटक्या कौलाचे दोन-तीन खडे टाका आणि आच मंद ठेवा.

दूषण नाही हे कसं ठरवलं, हाही प्रश्न येतोच. मिलरने तसंच उपकरण ठिणगीशिवाय आठवडाभर चालवून पाहिलं. अमिनो आम्लं आली नाहीत. प्रयोगाआधी १३० अंशांवर १८ तास उपकरण निर्जंतुक करूनही उत्पन्न तेच राहिलं. शेवटी पाण्यात पारदाचा क्षार टाकून कुठलाही जंतू वाढणार नाही याची काळजी घेतली होती.

हा प्रयोग शाळेत करू नका

विज्ञान प्रदर्शनासाठी कुणीतरी दरवर्षी विचारतं की गोबरगॅसमध्ये मिथेन असतोच, किंवा घरचा सिलिंडर आहेच, तर त्यात लायटरची ठिणगी देऊन मिलरचा प्रयोग का करू नये. उत्तर ठाम नाही असंच द्या. भांड्यात थोडीही हवा उरली तर मिथेन आणि हायड्रोजन ठिणगीने स्फोट करतात, आणि काचेचे तुकडे थेट डोळ्यात जातात. स्फोट झाला नाही आणि प्रयोग नीट जमला, तर आत हायड्रोजन सायनाइड तयार होतं, जे २६ अंशांवरच उकळतं. मे महिन्यात मराठवाड्यातल्या कुठल्याही खोलीत ते वायूच असेल. हे निर्वात पंप, बंद काच आणि धूर ओढणारी कपाटं असलेल्या संशोधन प्रयोगशाळेचं काम आहे.

कुठे गणित बिघडतं: खरी हवा कशी होती

मिलरची हवा गुरूसारख्या ग्रहांवरून घेतलेली होती. ज्वालामुखींतून मात्र मुख्यतः पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड आणि नायट्रोजन बाहेर पडतो, आणि जुन्या झिर्कॉनच्या अभ्यासावरून तेव्हाचा शिलारसही आजच्यासारखाच होता असं दिसतं. कार्बन डायऑक्साइड आणि नायट्रोजनच्या हवेत ठिणगी पाडली की उत्पन्न कोसळतं आणि जे मिळतं ते बहुतेक ग्लायसीन. हायड्रोजनचं प्रमाण जितकं कमी, तितकी घसरण जास्त.

ही घसरण दोन ठिकाणी होते, हे २००८ मध्ये पुढे आलं. अशा हवेत आजच्या विजेसारखीच नायट्रोजनची ऑक्साइडं बनतात. ती पाण्यात नायट्राइट होतात आणि तयार झालेल्या अमिनो आम्लांनाच खातात. शिवाय पाणी आम्लधर्मी होऊन स्ट्रेकरची वाट बंद पडते. पाण्यात चुनखडीसारखा पदार्थ टाकून आम्लता आवरली आणि ऑक्सिडीकरण रोखणारा पदार्थ घातला, तेव्हा त्याच हवेतून अमिनो आम्लांचं उत्पन्न बरंच सुधारलं. त्या काळच्या समुद्रात लोह फेरस रूपात विरघळलेलं होतं, ते हेच काम करू शकतं. म्हणून मुलांनी "तटस्थ हवेत (म्हणजे कार्बन डायऑक्साइड-नायट्रोजनच्या) काहीच होत नाही" असं लिहिलं तर गुण कापा. "कमी होतं, आणि पाण्यात काय विरघळलंय त्यावर ठरतं" हे बरोबर उत्तर.

हवा काही काळ मिथेन-हायड्रोजनने भरण्याचा आणखी एक रस्ता आहे, आणि तो दाखवायला आपल्या शेजारीच जागा आहे. जालना जिल्ह्याच्या हद्दीपासून जवळ, बुलढाण्यातलं लोणार. बेसाल्टमध्ये उल्केने पाडलेला जवळपास १.८ किलोमीटर व्यासाचा खड्डा. लोणारचा आघात आपल्या विषयाच्या मानाने अगदी अलीकडचा आणि छोटा. पण पृथ्वी तरुण असताना शेकडो किलोमीटरचे लोहयुक्त गोळे आदळले असतील, तर तापलेल्या लोखंडाने पाण्याच्या वाफेतला ऑक्सिजन ओढून घेतला असता आणि हायड्रोजन मोकळा सोडला असता. लोखंड गंजतं, हायड्रोजन सुटतो. मग काही काळापुरती मिलरसारखी हवा मिळते.

ज्वालामुखीच्या वाफेजवळची हवाही वेगळी. मिलरच्या जुन्या कुप्या त्यांच्या मृत्यूनंतर सापडल्या. वाफेचा झोत ठिणगीवर सोडणाऱ्या उपकरणातले नमुने २००८ मध्ये नव्या यंत्रांनी तपासले, तर २२ अमिनो आम्लं सापडली. १९५८ मध्ये हायड्रोजन सल्फाइड घालून केलेल्या, पण तेव्हा कधीच न तपासलेल्या प्रयोगाच्या कुप्यांत २०११ मध्ये २३ मिळाली, त्यात गंधकवालं मेथिओनीनही.

सायनाइड साठतं कुठे

जुवान ओरो यांनी १९६० च्या सुमारास अमोनियम सायनाइडचं द्रावण तापवून ॲडेनिन, म्हणजे डीएनए-आरएनएमधला एक घटक, मिळवलं. ॲडेनिनमध्ये कार्बन ५, हायड्रोजन ५, नायट्रोजन ५. म्हणजे हायड्रोजन सायनाइडचे बरोबर पाच रेणू. मुलांना हा हिशोब फळ्यावर मांडायला लावा, ती विसरत नाहीत. पण ही जुळणी सायनाइड घट्ट असेल तेव्हाच होते. विरळ असेल तर पाणी त्याचं फॉर्मामाइड आणि मग फॉर्मेट करून टाकतं.

"तळं आटलं की घट्ट होईल" हे उत्तर इथे चालत नाही. सायनाइड पाण्यापेक्षा लवकर उडतं. तळं आटायच्या आधी तेच निघून जाईल. दोन वाटा उरतात. पाणी गोठलं तर बर्फाच्या कणांमधल्या फटीत सायनाइड साठतं. किंवा पाणी खूप अल्कधर्मी असेल तर सायनाइड आयन रूपात अडकतं आणि लोहाशी जुळून फेरोसायनाइडचा क्षार होतो, जो उडत नाही. लोणारसारख्या सोड्याच्या तळ्यांकडे संशोधक म्हणूनच वळले. अशा तळ्यांत कार्बोनेट कॅल्शियमला बांधून ठेवतं, त्यामुळे फॉस्फेट गाळात न बसता पाण्यात राहतं. आपल्या पेशींना फॉस्फेट किती लागतं हे बारावीच्या मुलांना वेगळं सांगायला नको.

साखरेची वाट थोडक्यात. फॉर्मल्डिहाइडच्या द्रावणात चुना घालून तापवलं की साखरी बनतात, हे बुटलेरोव यांनी १८६१ मध्ये दाखवलं. अडचण थांबण्याची. उसाच्या गुऱ्हाळात काहील वेळेवर उतरवली नाही तर गूळ करपतो, तसं इथेही सगळं तपकिरी डांबर होतं आणि आपल्याला पाहिजे तो रायबोज, म्हणजे आरएनएमधली साखर, त्यात अगदी थोडा. पुढे २००९ मध्ये सदरलँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रायबोज वेगळा न बनवताच आरएनएचे दोन घटक जुळवून दाखवले आणि ही अडचण बगल देऊन पार केली.

प्रात्यक्षिक एक: अमिनो आम्लं कागदावर ओळखणे

मिलरने आपली अमिनो आम्लं कागदावरच्या वर्णलेखनाने ओळखली. तेवढा भाग आपल्याला सुरक्षितपणे करता येतो.

साहित्य: व्हॉटमन क्रमांक १ कागद, २० बाय १२ सेंटिमीटर. झाकणाची २५ सेंटिमीटर उंच काचेची बरणी, लोणच्याची चालते. ग्लायसीन, ॲलानिन आणि ल्युसीन, प्रत्येकी ५० मिलिग्रॅम १० मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाण्यात. द्रावक: एन-ब्युटॅनॉल ४० मिलिलिटर, ग्लेशियल ॲसिटिक आम्ल १०, पाणी १०. निनहायड्रिन ०.२ ग्रॅम १०० मिलिलिटर ॲसिटोनमध्ये. अनोळखी नमुना म्हणून मोड आलेली मटकी १० ग्रॅम, २० मिलिलिटर ८० टक्के अल्कोहोलमध्ये वाटून गाळलेली.

१. द्रावक त्याच दिवशी बनवा. ठेवून दिला तर ब्युटॅनॉल आणि ॲसिटिक आम्लाचं हळूहळू एस्टर होतं आणि ठिपके भलत्या जागी येतात. बरणीत द्रावक १ सेंटिमीटर खोल ओता, झाकण लावून अर्धा तास ठेवा म्हणजे आतली हवा वाफेने भरते.

२. हातमोजे घालून कागद घ्या. खालून २ सेंटिमीटरवर पेन्सिलीने रेघ ओढा. पेन वापरलं तर शाई द्रावकाबरोबर वर चढते.

३. रेघेवर २ सेंटिमीटरच्या अंतराने पाच ठिपके द्या: ग्लायसीन, ॲलानिन, ल्युसीन, तिघांचं मिश्रण, मटकी. काचेच्या केशनळीने द्या, ठिपका ३-४ मिलिमीटरपेक्षा मोठा होऊ देऊ नका. मटकीचा ठिपका वाळवत तीन-चार वेळा द्या.

४. कागद भिंतीला न टेकता बरणीत सोडा. ठिपके द्रावकाच्या वर राहिलेच पाहिजेत, बुडाले तर अमिनो आम्लं खाली विरघळून जातात. द्रावक १२ सेंटिमीटर चढायला साधारण ३ ते ४ तास लागतात, म्हणून सकाळी सुरू करा.

५. कागद काढताच द्रावकाची पोचलेली रेघ पेन्सिलीने आखा. मोकळ्या हवेत पूर्ण वाळवा, ब्युटॅनॉलचा वास जाईपर्यंत.

६. जवळ कुठेही ज्योत नाही ना, हे पाहून निनहायड्रिन फवारा. ॲसिटोन उडू द्या. मग १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये ५ मिनिटं. लोडशेडिंगमुळे ओव्हनचा भरवसा नसेल तर वीज असताना कागद दोन कोऱ्या कागदांत धरून मध्यम गरम इस्त्री फिरवा.

द्रावक १२ सेंटिमीटर चढला असेल तर ग्लायसीन साधारण ३.१, ॲलानिन ४.६ आणि ल्युसीन ८.८ सेंटिमीटरवर जांभळं दिसेल. म्हणजे गुणोत्तरं ०.२६, ०.३८, ०.७३. थोडा फरक पडतोच, म्हणून शुद्ध नमुने त्याच कागदावर शेजारी चालवायचे, पुस्तकातल्या आकड्याशी जुळवत बसायचं नाही. ॲस्पार्टिक आम्लाचं गुणोत्तर ०.२४ आहे, ग्लायसीनला चिकटून. या एकाच द्रावकाने ते वेगळं दिसणार नाही. मिलरने म्हणूनच कागद आडवा करून दुसऱ्या द्रावकात, फिनॉलमध्ये, पुन्हा चालवला होता. फिनॉल कातडी जाळतं. ते आपण वापरायचं नाही. मटकीच्या ओळीत एखादा तपकिरी ठिपका दिसला तर तो बहुधा ॲस्पॅराजिनचा. शेंगवर्गीय अंकुरांत ते भरपूर असतं.

नेहमी बिघडतं ते असं. कागदभर जांभळे बोटांचे ठसे उमटले, तर मोजे न घालता हात लागला. घामातही अमिनो आम्लं असतात, आणि हीच चूक मुद्दाम एका कोपऱ्यात करून दाखवली तर संवेदनशीलता लक्षात राहते. ठिपक्याला लांब शेपूट आली तर नमुना जास्त झाला, किंवा बोअरच्या पाण्यात द्रावण केलं आणि त्यातले क्षार आडवे आले. द्रावकाची रेघ तिरकी चढली तर बरणीचं झाकण सैल आहे. एप्रिल-मेच्या ४२ अंशांत द्रावक भराभर उडतो, मग बरणी ओल्या पोत्याने गुंडाळून खोलीच्या थंड कोपऱ्यात ठेवा किंवा हे प्रात्यक्षिक डिसेंबरातच घ्या. ठिपके दोन-चार आठवड्यांत फिके होतात, त्याच दिवशी पेन्सिलीने कडा आखून फोटो काढा.

प्रात्यक्षिक दोन: काळ्या मातीची पकड

सुटे घटक साखळीत जुळायला पाण्यात अडचण येते, कारण जुळताना पाणी बाहेर पडावं लागतं आणि भोवती पाणीच पाणी. मॉन्टमोरिलोनाइट मातीवर मात्र सक्रिय केलेले आरएनएचे घटक जुळून लांब साखळ्या होतात, हे जेम्स फेरिस आणि सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात दाखवलं. मराठवाड्याच्या काळ्या रानात याच कुळातली चिकणमाती मुबलक आहे. बेसाल्ट झिजून ती झालेली. भर उन्हाळ्यात पडणाऱ्या हातभर भेगा तिच्याच फुगण्या-आटण्याच्या. तिची पकड अशी दाखवा.

वाळवून चाळलेली काळी माती १ ग्रॅम एका बाटलीत, धुऊन वाळवलेली गोदावरीची वाळू १ ग्रॅम दुसऱ्या बाटलीत. तिसरी रिकामी. तिन्हीत मिथिलीन ब्लूचं ०.०१ टक्का द्रावण १०० मिलिलिटर. दहा मिनिटं हलवा. मातीच्या बाटलीत तुरटीच्या द्रावणाचे थोडे थेंब टाका, नाहीतर बारीक कण दिवसभर तरंगत राहतात. तेवढेच थेंब बाकी दोन्हीतही. रात्रभर ठेवा. गाळू नका, गाळणकागद स्वतःच रंग ओढतो आणि निकाल खोटा येतो. वरचं पाणी पिचकारीने अलगद काढून तिघांची तुलना पांढऱ्या कागदासमोर करा. वाळूचं पाणी निळंच राहतं, मातीचं जवळपास नितळ होतं आणि निळाई तळाच्या गाळात जाऊन बसते. मिथिलीन ब्लू धनभारित आहे आणि चिकणमातीच्या पापुद्र्यांवर ऋणभार, म्हणून ही पकड. मातीचे नमुने परभणी, लातूर, नांदेड अशा वेगवेगळ्या गावांतून मुलांनाच आणायला सांगा, आणि एखादा बालाघाटावरच्या मुरमाड माळाचाही. मुरमाचं पाणी सहसा निळसर राहतं, आणि तो फरक वहीत कारणासकट लिहायला लावा.